दशमीची रजा

रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे. आणि मासा कोणत्या दिवशी गळाला लागेल हे पंधरा दिवस आधी कोणालाच सांगता येत नाही, असं सगळे म्हणत. सुनंदाबाईला ते मान्य नव्हतं.

तिचा नवरा अभिमन नरडाण्याच्या रेल्वे स्टेशनावर पॉइंट्समन होता. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि बदली माणूस मिळाला तरच सुट्टी. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदाच दोघांना जोडीने तिच्या माहेरी, तापी-पांझरेच्या संगमावर, जायला मिळायचं. भोयाच्या घरची पोर ती, नदीकाठी वाढलेली. लग्नाच्या आधी ती रोज गळ टाकायची. आता मोजके दिवस हाताशी असल्यावर त्यातला एकही वाया जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

म्हणून तिने वही ठेवली होती. सहा वर्षं झाली. माहेरी गेली की त्या दिवसाची तिथी, वारा कुठला, पाणी गढूळ की निवळ, आदल्या दोन दिवसांत ऊन कसं होतं, आणि काय लागलं, सगळं लिहून ठेवायची. स्वतः नसेल तेव्हा भाऊ भिकन पोस्टकार्डावर कळवायचा. अभिमनलाही तिने कामाला लावलं होतं. सुरतेकडून आलेल्या मालगाडीची ताडपत्री ओली आहे का, भुसावळकडून आलेली कोरडी आहे का, हे तो पाळी संपवून घरी आला की चहाच्या आधी सांगायचा. अभिमन साक्रीकडच्या डोंगरातला, त्याला पोहता येत नव्हतं, गळाला आमिष नीट लावता येत नव्हतं. पण कुठे पाऊस पडला हे गाड्यांवरून ओळखायची त्याला गोडी लागली होती.

तिचे वडील तोतारामनाना या वहीला हसायचे. सत्तरी गाठलेला माणूस, उभी हयात पाण्यात गेलेली. सकाळी काठावर जायचं, पाण्याकडे बघायचं आणि ठरवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. "नदी कॅलेंडर देखस का?" असं ते एकदा म्हणाले होते, आणि भिकनने ते चिडवायला म्हणून मुद्दाम पोस्टकार्डावर लिहून पाठवलं होतं.

पण त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, गोष्ट वेगळी होती. वैशाखात पाणी आटलेलं असताना सुनंदाने संगमाच्या डोहात एक शेपटी वळताना पाहिली होती. रुंद, तांबूस कडा असलेली. तिने घरी येऊन सांगितलं की महाशीर आहे. नानांनी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. या पट्ट्यात महाशीर संपला, बारा-तेरा वर्षांत कोणी पाहिला नाही, तू रोहू पाहिला असशील, असं म्हणून ते उठून गेले. गावात कोणी विचारलं तरी ते हेच सांगत. एकेकाळी याच माशासाठी ते चार-चार दिवस डोहावर मुक्काम करायचे. आता तिकडे फिरकतसुद्धा नव्हते. जाळं टाकायचं ते घराखालच्या उथळ पाण्यात, आणि तेही भाजीपुरतं.

सुनंदाला ती शेपटी विसरता येईना.

भाद्रपद संपल्यावर तिने वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर समोरासमोर ठेवलं. पूर निदान दोन आठवडे ओसरलेला हवा, म्हणजे पाणी निवळतं. थंडी पडायच्या आत जायला हवं, कारण गार पाण्यात मासा तळाला बसतो आणि तोंड उघडत नाही. म्हणजे अश्विन. कोजागिरीच्या आसपास जाण्यात अर्थ नव्हता. चांदण्यात मासा रात्रभर चरतो आणि सकाळी त्याला भूक नसते, हे वहीत सहा वर्षांत सात वेळा दिसत होतं. अमावास्येला दिवाळी, तेव्हा घर सोडता येणार नाही. मधले दिवस उरले. त्यात वद्य दशमी तिने पक्की केली. रात्रीचा मोठा भाग अंधार, पहाटे चंद्राची कोर, आणि उजाडताना भुकेला मासा.

अभिमनने अर्ज दिला. कारणाच्या जागी घरगुती काम असं लिहिलं. स्टेशनमास्तरांनी कसलं काम म्हणून विचारलं तेव्हा त्याला खोटं बोलवेना आणि त्याने खरं सांगून टाकलं. मास्तर हसत सुटले, पण सही केली, आणि काय लागलं ते येऊन सांगायची अट घातली.

मग ते पंधरा दिवस दोघांना धीर धरवेना. सुनंदाने धुळ्याहून गळाच्या दोरीसाठी नवा तंगूस मागवला, ऐंशी हात लांब, आणि तो लाकडाच्या फळीला गुंडाळून ठेवला. सरकीची ढेप कुटून त्यात कणीक आणि गूळ मळून पाहिला. गोळा पाण्यात किती वेळ टिकतो ते बादलीत टाकून घड्याळ लावून बघितलं. पहिला पाच मिनिटांत विरघळला. तिसऱ्या खेपेला पाऊण तास टिकला तेव्हा तिने अभिमनला झोपेतून उठवून दाखवलं. दिवाळीची झाडलोट अर्धवट पडली होती, पण शेजारच्या प्रमिलाबाईने दोन दिवस मुलं सांभाळायचं कबूल केलं आणि एवढी कसली घाई म्हणून विचारलंही नाही.

नवमीला दुपारी अभिमन स्टेशनावरून आला तो चेहरा पाडूनच. भुसावळकडून आलेल्या दोन मालगाड्या चिंब ओल्या होत्या. ताडपत्र्यांवर पाणी साचलेलं होतं.

सुनंदा हातातली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. भुसावळकडे पाऊस म्हणजे वर सातपुड्यातही पाऊस. तिकडचं पाणी तापीला आलं तर सकाळपर्यंत नदी लाल होणार, आणि गढूळ पाण्यात महाशीर आमिष बघणार कसा? पण रजा उद्याचीच होती. ती पुढे सरकवता येत नव्हती. दोघं संध्याकाळच्या एस.टी.त बसले.

नानांनी त्यांना ओसरीवर बसवून पाणी दिलं, आणि आकाशाकडे बघून सकाळी पाणी लाल येईल असंच सांगितलं. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. लेकीने इतकी तयारी करून यावं आणि नदीने असं करावं, याचं त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. बहुधा म्हणूनच, पहाटे सुनंदा आणि अभिमन निघाले तेव्हा तेही काठी घेऊन मागोमाग चालू लागले.

उजाडलं तेव्हा तापी खरोखरच लाल होती. विटेच्या रंगाचं पाणी, वर फेस, काटक्या, पाचोळा. डोहाचा तळ तर दूरच, हातभर खालचं दिसत नव्हतं.

"पानी लाल शे. घर चाला," नाना हळूच म्हणाले.

अभिमनने फळी पिशवीत ठेवायला घेतली. सुनंदा मात्र खडकावर बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून ती नुसती पाण्याकडे बघत होती. वारा पश्चिमेचा होता, अंगाला लागेल न लागेल इतका मऊ. तिथी बरोबर होती, ऋतू बरोबर होता. पाणी तेवढं चुकलं होतं. बघता बघता तिची नजर खाली, पांझरेच्या मुखाकडे गेली.

पांझरा हिरवी होती. पाऊस पडला होता पूर्वेला आणि उत्तरेला. पांझरा येते दक्षिणेतून, साक्री-धुळ्याकडून, आणि तिकडे थेंबही पडला नव्हता. तिचं निवळ पाणी तापीला मिळून लगेच मिसळत नव्हतं. या काठाला धरून ते शे-दीडशे हात वेगळं वाहत होतं आणि दोन पाण्यांच्या मध्ये एक सरळ रेघ पडली होती, अलीकडे हिरवं, पलीकडे लाल.

ती उठून उभी राहिली.

"नाना, तठे देखा."

नानांनी हात कपाळाशी धरून पाहिलं. काठी टाकली, वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि सत्तर वर्षांचा तो माणूस खडकांवरून मुखाकडे निघाला, इतक्या झपाट्याने की अभिमनला त्यांना गाठायला पळावं लागलं. जाता जाता ते बोलत होते. लाल पाण्यात माशाचा जीव गुदमरतो, तो निवळाच्या कडेला येतो. लाल पाणी किडे-मुंग्या, फळं वाहून आणतं आणि मासा हिरव्यात उभा राहून ते टिपतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे दाखवलं होतं. असा दिवस त्यांच्या आयुष्यात तीनदा आला होता.

सुनंदाने ढेपेचा गोळा गळावर दाबून बसवला, शिशाचं वजन तपासलं आणि तंगूस डोक्यावरून फिरवून फेकला. गोळा रेघेच्या अलीकडे पडला. नानांनी मान हलवली. तिने ओढून घेतला, पुन्हा फेकला. या वेळी बरोबर रेघेवर. दोरी बोटांवर घेऊन ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

अर्धा तास काही नाही. दोनदा बारीक मासळीने गोळा कुरतडला, तिने नवा लावला. सूर्य वर आला, पाणी चमकायला लागलं. अभिमनला बोलायचं होतं, पण नानांनी बोट ओठांवर ठेवलं होतं.

मग दोरी हलकेच सैल पडली. ओढ लागेल म्हणून ती वाट बघत होती, आणि इथे दोरीतला जीवच गेल्यासारखा झाला. तिला क्षणभर समजलं नाही. मासा गोळा घेऊन तिच्याच दिशेने आला होता. तिने मनगटाने झटका दिला आणि पुढच्याच क्षणी दोरी बोटांतून सुसाट निघाली.

बोटं भाजली. तिने पदर गुंडाळून दोरी धरली. मासा लाल पाण्यात शिरला आणि प्रवाहाबरोबर खाली सुटला. अभिमनच्या हातातली फळी गरागरा फिरत होती.

"आते वढू नको," नाना म्हणाले. "त्याले पयू दे. तू त्याना संगे चाल."

ती काठाने पळू लागली, पाणी उडवत, दगडांवर घसरत. नाना मागे. पण मासा तिच्यापेक्षा वेगाने जात होता. फळीवर वीस हात उरले, मग दहा. दोरी संपली की तुटणार हे तिघांनाही दिसत होतं. आणि अभिमन, ज्याला पोहता येत नव्हतं, तो फळी उंच धरून सरळ पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणखी चार पावलं. सुनंदा त्याला थांबा म्हणत होती आणि त्याच वेळी तो थांबू नये असंही तिला वाटत होतं. शेवटचे दोन वेढे फळीवर असताना दोरी थांबली. लाल पाण्यात, बरंच खाली, काहीतरी मोठं उलटलं, आणि मासा वळून पुन्हा हिरव्या पाण्याकडे यायला लागला.

त्यानंतरची ओढाताण किती वेळ चालली ते पुढे कोणालाच नक्की सांगता आलं नाही. अभिमन तासभर म्हणायचा, नाना पाव तास. मासा जवळ यायचा, काठ बघून पुन्हा सुटायचा. सुनंदा दोरी कधी सैल सोडत होती, कधी ओढून घेत होती. ती मध्येच हसायला लागली, का ते तिलाही कळत नव्हतं. शेवटी तो कुशीवर आला आणि नानांनी पाण्यात बसून दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले.

महाशीरच होता. पाठ पितळेसारखी, खवलं बोरीच्या पानाएवढी, शेपटीला तांबूस कडा. नानांच्या काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत भरून वर उरला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, कल्ल्यावरून, पाठीवरून बोट फिरवलं. नंतर त्यांनी हिरव्या पाण्याकडे मानेने खूण केली. तिथे, हातभर खोल, आणखी दोन सावल्या उभ्या होत्या.

"मासा तुना शे," ठेवायचा की सोडायचा ते तिच्यावर सोपवत ते म्हणाले. "तूच सांग."

सुनंदाला गावातून तो मासा खांद्यावर घेऊन जायचा होता. सहा महिने तिने तेच डोळ्यांसमोर आणलं होतं. भिकन, शेजारी, सगळे ओट्यावर येऊन बघतील. तिने तसं सांगितलंही. मासा दाखवला नाही तर कोण विश्वास ठेवणार?

नाना मासा पाण्यात धरूनच बसले होते.

"मी चुकनू, हाई मीच गावले सांगसू," ते म्हणाले. "मना बोलवर कोण विश्वास ठेवणार नही?"

वडिलांनी कधी कोणासमोर चूक कबूल केलेली तिने ऐकली नव्हती. ती पाण्यात त्यांच्याजवळ बसली. गळ ओठाच्या कडेला होता, तो तिने अलगद काढला. मग दोघांनी हात सैल सोडले. मासा थोडा वेळ तिथेच राहिला, कल्ले हलवत, आणि मग एकदम नव्हता.

अभिमन ओलाचिंब, दात वाजत असलेला, फळी अजून छातीशी धरून उभा होता. मास्तरांना आता काय सांगू म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिघंही हसले.

मग त्यांनी खडकावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. सुनंदा आणि अभिमनला परतीची दहाची एस.टी. धरायची होती. निरोप घ्यायला सुनंदाने दोनदा हाक मारली, पण नाना ऐकत नव्हते. ते पांझरेच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात उभे राहून ढेपेचा नवा गोळा वळत होते, दोन रंगांच्या मधली रेघ आता थोडी खाली सरकली आहे असं तिला सांगत होते, आणि वर रस्त्यावर धुरळा उडवत एस.टी. निघून गेली.