पंच्याण्णवच्या आत

उपाशीपोटीची साखर पंच्याण्णवच्या आत हवी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून तिला झोपेतसुद्धा पंच्याण्णव दिसायला लागला होता. जेवणानंतरचे आकडे तसे गुणी होते. मोजून खाल्लं, वीस मिनिटं चाललं की मुकाट्यानं खाली यायचे. सकाळचा आकडा मात्र कुणाचं ऐकत नव्हता. रात्रभर तोंडात पाण्याशिवाय काही नाही, आणि सकाळी एकशे बारा. दुसऱ्या दिवशी एकशे सव्वीस. न खाता वाढलेल्या साखरेची तक्रार करायची तरी कुणाकडे?

छापखान्यात मजकूर तपासायचं काम ती करायची. छपाईला जाणाऱ्या कागदावरून तिची नजर फिरली की चुकीची वेलांटी लपायला जागा शोधायची. पहिल्या सोनोग्राफीत बाळ ठिपक्याएवढं दिसलं तेव्हा तिनं त्याचं नाव अनुस्वार ठेवून टाकलं होतं. आता सातवा महिना सरत आला होता. अनुस्वार भल्या पहाटे बरगडीखाली लाथ हाणून आपण ठिपका राहिलेलो नाही, हे कळवायचा.

"पंधरा दिवसांनी, गुरुवारी, आकड्यांची वही घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "सकाळची साखर अशीच राहिली तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू."

त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या होत्या. हिच्या कानांना मात्र ऐकू आलं ते असं: बाई, तुम्हाला जमलं नाही. बाळ अजून जगात आलं नाही, तोवर आई पहिल्याच परीक्षेत नापास.

मग तिनं जे सुचेल ते केलं. आधी रात्रीचं जेवण निम्मं केलं. मग निम्म्याचं निम्मं. चौथ्या दिवशी तर वाटीभर सूपवर झोपली, आणि सकाळी आकडा एकशे एकोणीस. तिनं घाबरून दवाखान्यात फोन लावला. साखरेच्या पेशंटांचं बघणाऱ्या सिस्टर फोनवरच कडाडल्या, "कुणी सांगितलं उपाशी झोपायला? तुम्ही काही दिलं नाही, तर लिव्हर आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. रीतसर जेवा. आणि झोपताना मूठभर शेंगदाणे, अर्धा कप दूध. बाळाला उपाशी ठेवून आकडे सुधारायचे नाहीत, कळलं?"

कळलं. ती रीतसर जेवायला लागली. आकडा थोडा डगमगला, पण पंच्याण्णवच्या आत काही येईना.

नवरा बेकरीत रात्रपाळीला होता. सकाळी साडेसहाला दारात त्याची सायकल वाजायची, आणि घरात गरम पावाचा वास त्याच्या आधी शिरायचा. तोवर ती साबणानं हात धुऊन, कोरडे करून, साखर मोजायचं यंत्र मांडून तयार असायची. अडचण एकच होती. तिची बोटं सकाळी बर्फासारखी गार असायची. सुई टोचली तरी रक्ताचा थेंब यायला तयार नसायचा. पहिल्या आठवड्यात तीन पट्ट्या अशाच वाया गेल्या होत्या, आणि ती बोट दाबून दाबून रडकुंडीला आली होती. तेव्हापासून हे खातं नवऱ्यानं स्वतःकडे घेतलं होतं. आला की कोटाच्या खिशातून हात बाहेर काढायचा, तिचे दोन्ही पंजे त्यात घ्यायचा आणि चोळत बसायचा. भट्टीपाशी रात्र काढलेले हात ते. दोन मिनिटांत तिची बोटं गुलाबी व्हायची.

"पाववाले, पुरे आता. मी काय कणीक आहे मळायला?"

"गप्प बस. कणीक एवढं बोलत नाही."

दोन वर्षं लग्नाला झाली होती, पण रात्रपाळीमुळे दोघांच्या वाट्याला निवांत अशी ही दोनच मिनिटं यायची. खरं तर तिला ती संपूच नयेत असं वाटे. मग सुई, मग थेंब, मग यंत्राची टिकटिक, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून मान काढून विचारायच्या, "किती?"

"एकशे बावीस."

"जाऊ दे गं पोरी. बाळ गोड आहे, म्हणून साखर आहे."

"आई, तसं नसतं हो ते."

"मला माहितेय तसं नसतं. पण तुझं तोंड बघवत नाही, म्हणून म्हणते."

बुधवारी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती छापखान्याला जाण्याआधी वही उघडून बसली. मजकूर तपासताना करायची तसं तिनं आकड्यांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकशे बारा, एकशे सव्वीस, एकशे एकोणीस. आणि मधेच अठ्ठ्याण्णव. पुढे पुन्हा शंभरावर. मग सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव मंगळवारचा. सत्त्याण्णवही कालचा, मंगळवारचाच.

मंगळवारी बेकरी बंद असायची. सोमवारची रात्र तो घरी असायचा.

"आई, हे बघा! हा घरी असला की माझी साखर उतरते."

सासूबाईंनी चष्मा लावून वही बघितली. "उतरणारच. कडू आहे तो. लहानपणी औषधसुद्धा त्याला बघून तोंड वाकडं करायचं."

ती हसली, पण मनात तिचा हिशेब पक्का झाला होता. तो नसला की झोप लागत नाही, काळजीनं साखर चढते. म्हणजे चूक पुन्हा आपलीच. शांत झोपणंसुद्धा जमत नाही आपल्याला.

गुरुवारी सकाळी सात वाजता नवरा कामावरून परस्पर दवाखान्यात आला. सिस्टरांच्या छोट्या खोलीत एक टेबल, हात धुवायचं बेसिन आणि भिंतीवर बाळाच्या वाढीचा तक्ता होता. सिस्टरांनी वही चाळली. पेन कपाळावर टेकवून त्यांनी सकाळचे आकडे पुन्हा वाचले.

"जेवणानंतरचे आकडे इतके चांगले, आणि सकाळचे असे उड्या मारणारे? मला पटत नाही. घरी करता ना, अगदी तस्संच करून दाखवा. काही गाळू नका."

गाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती उठली, साबण लावून हात धुतले, कागदी रुमालानं टिपले, खुर्चीत बसली, आणि सवयीनं दोन्ही पंजे नवऱ्यापुढे केले. त्यानंही सवयीनं खिशातून हात काढले. मग सिस्टर समोर आहेत हे दोघांच्या एकदम लक्षात आलं आणि दोघंही लाजली.

"करा, करा," सिस्टर म्हणाल्या. "मी काय बघितलं नाही असं नाही."

त्यानं बोटं चोळली. तिनं सुई टोचली. आकडा आला एकशे एकवीस.

तिचे डोळे भरून आले. सिस्टर मात्र आकड्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या हातांकडे बघत होत्या.

"तुम्ही काय काम करता?"

"बेकरीत असतो. गोड पावांवर शेवटचा हात माझा. पिठीसाखर भुरभुरायची."

"हात धुता ना निघताना?"

"धुतो की! चांगले कोपरापर्यंत," तो दुखावून म्हणाला.

"मग?"

"मग काय, कोट घालतो आणि येतो. थंडी असते, हात खिशात घालून..."

"कोट कुठे लटकवता?"

"चाळणीच्या टेबलामागे. खुंटीला."

सिस्टरांनी उठून त्याच्या कोटाचा खिसा धरला आणि उलटा केला. काळ्या अस्तरावर पांढरी पूड बसली होती. शिवणीत तर तिचे छोटे खडे झाले होते. टेबलावर चिमूटभर सांडली.



"जा, पुन्हा हात धुवा," सिस्टर तिला म्हणाल्या. "आणि तुम्ही, साहेब, हात वर करून कोपऱ्यात उभे राहा."

तिनं हात धुतले, या वेळी गरम पाण्याखाली बराच वेळ धरून. दुसऱ्या हाताचं बोट. आकडा आला सत्त्याण्णव.

सिस्टर हसायला लागल्या त्या थांबेनात. "तीस वर्षं झाली या खोलीत. केळं सोलून आलेल्या बघितल्या, सरबत ढवळून आलेल्या बघितल्या. नवऱ्यानं प्रेमानं साखर चोळलेली आजच बघतेय."

तो मात्र हसला नाही. हात अजून वरच होते. "म्हणजे इतके दिवस ती माझ्यामुळे रडत होती?"

"अरे, खाली घे ते हात," ती म्हणाली. हसू आणि रडू एकाच वेळी आल्यामुळे तिला नाक पुसावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि वहीतल्या त्या सगळ्या सकाळींवर आडवी रेघ मारली. तिला बरं वाटलं. चुकलेला मजकूर खोडायची खूण तिच्या ओळखीची होती. "पाच दिवस नव्यानं मोजा. मग ठरवू."

पाच दिवस तिनं एकटीनं, गरम पाण्याखाली बोटं धरून मोजलं. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. एकदा चौऱ्याण्णव, तेव्हा सासूबाईंनी दारातूनच टाळी वाजवली. आणि शेवटी पुन्हा अठ्ठ्याण्णव.

म्हणजे खिशातली साखर वजा केली, तरी थोडी तिची स्वतःची उरत होती.

"थोडंसं इन्सुलिन देऊ या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी लहान डोस. जुन्या आकड्यांवर गेले असते तर जास्त दिलं असतं, आणि साखर एकदम उतरून तुम्हाला त्रास झाला असता."

तिनं इतके दिवस मनात घोळवलेला प्रश्न विचारला. "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही. वारेतले, म्हणजे प्लासेंटातले, हार्मोन सकाळची साखर वर ढकलतात. काही जणींना खाण्या-चालण्यावर भागतं, काहींना नाही. हे तुमच्या वागण्याचे मार्क नव्हेत."

कुणी हे आधीही सांगितलं असेल. पण आज समोरचा आकडा खरा होता, आणि खऱ्या आकड्याला घाबरण्यासारखं फार काही नसतं, हे तिला नवीनच कळत होतं.

त्या रात्री नऊला, नवरा कामाला निघायच्या आधी, तिनं पलंगावर बसून इन्सुलिनच्या पेनातला डोस दोनदा तपासला. पोटाच्या कडेची कातडी चिमटीत धरली. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. नवरा भिंतीकडे बघत होता.

सुई आत गेली. दहापर्यंत मोजून तिनं ती बाहेर काढली.

"झालं."

"झालं?" सासूबाईंनी एक डोळा उघडला. "इतकंच? मग मी श्वास कशाला धरून बसले होते?"

"बाळाला दुखलं का?" नवऱ्यानं भिंतीलाच विचारलं.

"त्याच्यापर्यंत पोचतसुद्धा नाही रे ते," ती म्हणाली. "तू वळ इकडे. नापास नाही झाले मी. आणि दूध दे, शेंगदाणे दे, मला झोप आलीय."