एकशे बारा नंबरची दोन पानं

बायंडिंगच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, पण पान कधी इकडचं तिकडे झालं नाही. म्हणजे परवापर्यंत. थोरल्या ताईने सात वर्षं खपून हाताने लिहिलेल्या आठवणी शिवायला दिल्या होत्या. दुसरी प्रत नाही. संध्याकाळी ती न्यायला येणार, आणि दुपारी मी पंखा लावला. तीनशे पानं अशी उडाली, की समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांनी दोन प्रकरणं वाचून नापसंती कळवली.

माझे डोळे अधू, आकडे मुंग्यांसारखे पळतात. तेवढ्यात नात शाळेतून आली, बरोबर दोन मैत्रिणी, एक बडबडी, एक शंकेखोर. पानं गोळा करून त्यांनी जाहीर केलं, की आता त्या कॉम्प्युटर. मी म्हटलं, मग डोकं चालवा.

"आजोबा, कॉम्प्युटरला डोकं नसतं," नात म्हणाली. "सांगितलं तेवढंच करतो."

त्यांनी छोटे छोटे गठ्ठे नंबरवार लावले. मग दोन गठ्ठे शेजारी ठेवून फक्त वरची पानं बघायची, लहान आकड्याचं पान नव्या गठ्ठ्यात पालथं घालायचं. बडबडीसुद्धा गप्प होती; तिच्या आईला सांगितलं तर मला खोटारडा म्हणेल.

शेवटचे दोन गठ्ठे उरले आणि तिघी थांबल्या. दोन्हींवर एकशे बारा.

मी म्हटलं, ठेवा कुठलंही. शंकेखोर म्हणाली, लहान ते आधी एवढंच ठरलंय, सारखे आले तर काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. मी चूक ताईवर ढकलून पाहिली. शंकेखोरने विचारलं, नंबर कुणी घातले?

"मी," म्हटलं. "चूक माझी."

आता वाचणं आलं. मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही. नातीने एकशे अकराची शेवटची ओळ वाचली: 'धाकट्याचा ताप उतरेना, तेव्हा आई म्हणाली,' आणि पुढचं जुळणारं पान: 'तू घरी थांब. मी थांबले. शाळा तिथेच सुटली.'

तो धाकटा मी.

ताई आली तेव्हा गठ्ठा लागला होता, शिवण बाकी होती. मी ते पान तिच्यापुढे धरून म्हटलं, "ताई, मला ठाऊकच नव्हतं गं."

"पाच वर्षांचा होतास. वाचलास ना? मग झालं तर." मग ती मुलींकडे वळली. "हे लावलंत कसं? मला शिकवा."

त्यांनी तिला चष्मा पुसून दिला, तीस पानं पुन्हा विस्कटली आणि पुढ्यात दोन गठ्ठे मांडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ताई एकेक पान उचलून विचारत होती, "हे आधी?" आणि नात म्हणत होती, "बरोबर."

शिवण मी उद्यावर टाकली.