मंदाबाईला विचारायचं राहिलं

पवनीच्या बाजारात ताराचंदचं धान्याचं दुकान. मुलगा मंगेश शिकायला अमेरिकेत गेला. शिक्षण अर्धवट सुटलं, व्हिसा संपला, तरी तो तिथंच राहिला. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तिथली नागरिक, बाप मात्र जीव मुठीत धरून राहणारा. असं व्हिसाशिवाय राहिलेल्यानं एकदा देश सोडला की त्याला कित्येक वर्षं परत पाय ठेवू द्यायचा नाही, असा तिथला कायदा.

दुकानात विषय निघाला की ताराचंद म्हणायचा, "त्यायचा देश, त्यायचा कायदा. आपल्या घरात कोणी न विचारता राह्यला तं आपण ठेवतो का?" मंगेशचं नाव मात्र काढायचा नाही.

यंदा धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत बायको मंदाबाईनं अंथरूण धरलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मंगेशचा फोन आला.

"बाबा, मी निघून राहिलो. होईल ते होईल."

ताराचंद फोन घेऊन अंगणात गेला. "नको येऊ. परत घेणार नाही ते तुले. पोरगी लहान आहे तुही. इथं मी आहो."

"आई काय म्हणते?"

"तेही नकोच म्हणते."

मंदाबाईला त्यानं विचारलंच नव्हतं. तिला सांगितलं, विमानाचं तिकीट भेटून नाही राहिलं. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

चार दिवसांत ती गेली. वैनगंगेच्या घाटावर पुतण्या निकेशनं अग्नी दिला. मंगेशनं तो मोबाइलवर पाहिला.

तेरवी झाली. वहिनीच्या आजारपणापासून इथंच असलेली ताराचंदची बहीण शकुनबाई करडीला परत जायला निघाली. पिशवी भरता भरता थांबली.

"भाऊ, तिकिटाचं खोटं वहिनीले समजलं होतं. मले म्हणे, मीच त्याले येऊ नको म्हणणार होती. माह्यासाठी नातीपासून तिचा बाप कायले तोडू? पण यायनं मले एकदा विचाराले पाहिजे होतं."

ताराचंदनं तिची पिशवी उचलली आणि तिला एसटीत बसवून आला. संध्याकाळी त्यानं स्वतःहून मंगेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मंगेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं काय चुकलं बाबा? कायदाच तसा आहे."

"कायदा त्यायनं केला," ताराचंद म्हणाला. "तुह्या मायले न विचारायचं, हे मीच ठरवलं ना."

पलीकडं नात बापाला हाक मारत होती. ताराचंदनं त्याला तिच्याकडे जायला सांगितलं.