वळणावरचा ढीग

ज्याला हे खोटं वाटेल त्याने वर येऊन पाहावं. ढीग अजून आहे, आणि मीही इथेच आहे.

त्या हिवाळ्यात कोक-सायच्या डोंगरावर आभाळातून बर्फ असा पडलाच नाही. म्हातारे टोप्या मागे सारून कोरड्या शिखरांकडे बघायचे आणि घरात जायचे. स्की केंद्राच्या मालकांना मात्र आभाळाची गरज नव्हती. त्यांच्याकडे तळं होतं, पंप होते आणि उताराच्या कडेने ओळीने उभ्या केलेल्या तोफा होत्या. थंडी पुरेशी पडली की त्या तोफा पाण्याचा फवारा हवेत उडवायच्या आणि तो बर्फ होऊन खाली यायचा. असा बर्फ ओला आणि जड असतो. तो लगेच पसरत नाहीत. आधी ढीग होऊ देतात, ढीग निथळू देतात, आणि मग रातराक, म्हणजे रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालणारं ते अवजड यंत्र, तो ढीग ढकलत उतारभर पसरतं आणि मागे फणी फिरवल्यासारख्या बारीक सऱ्या काढत जातं. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच मला जे दिसलं ते सगळ्यांनाच दिसत असणार, यात मला शंका नव्हती.

मोठ्या उतारावर बर्फाची नुसती मारामार होती. जागोजागी तपकिरी माती दिसत होती, राजधानीहून, बिश्केकहून आलेले पाहुणे दगडांवर आपटून शिव्या देत होते, रातराक कडेकडेचा बर्फ खरवडून मधे आणत होतं. आणि वरच्या वळणावर घराएवढा एक ढीग, कधीच निथळून तयार झालेला, तसाच्या तसा उभा होता. यंत्राच्या सऱ्या त्याच्यापर्यंत सरळ येत आणि त्याला लांबून वळसा घालून पुढे जात. भुकेल्या घरात एक भरलेलं पातेलं झाकून ठेवलेलं असावं आणि कोणीच त्याला हात लावू नये, तसं ते दिसत होतं.

"हा का नाही ढकलत, ओमुर?" मी रातराक चालवणाऱ्याला विचारलं.

"इंजिन तापतं, बाइके." वडीलधाऱ्या पुरुषाला इथे बाइके म्हणतात.

"बाकीच्या ढिगांना तापत नाही?"

"मग इंजिनाचीच मुलाखत घ्या ना. मी काय, नुसता वर बसतो." तो नेहमीसारखं हसला नाही. दार ओढून घेत म्हणाला, "तिथे आलं की गाडी आपोआप वळते. मी वळवत नाही."

साग्यनाली नावाचा कामगार त्याच वळणावरच्या तोफेवर होता. वारा फिरला की तोफेचं तोंड हाताने फिरवावं लागतं, नाहीतर ती स्वतःच्याच पायांवर बर्फ ओकत राहते. धुकं उतरलेल्या एका दुपारी वारा फिरला आणि साग्यनाली वर गेला. त्याला परत येताना कोणी पाहिलं नाही. पंप बंद करून शोधावं, असंही कोणाला वाटलं नाही, कारण हंगाम तोंडावर होता आणि थंडी वाया घालवायची नव्हती. तोफा चालूच राहिल्या. मी आयुष्यभर अशाच बातम्या केल्या आहेत. खाणीतल्या, कालव्यातल्या, कापसाच्या गिरणीतल्या मरणांच्या. त्यातली कुठलीच मला दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागली नाही.

केंद्राचा व्यवस्थापक दूलातबेक मात्र मला चहा ओतत राहिला.

"साग्यनाली मेला? कोण म्हणतं?"

"ढीग म्हणतो."

"वा! आता ढीगपण बोलायला लागले." त्याने साखर पुढे सरकवली. "त्याने नोकरी सोडली. रोज संध्याकाळी घरी असतो, जाऊन बघा. आणि जरा सांभाळून विचारा हं. पुढचा एकच दात उरलाय ना?"

माझे वरचे दोन पुढचे दात. त्यातला एक राजधानीतल्या चौकात पोलिसाच्या दंडुक्याने गेला, तो मी कधी बसवला नाही. दिसू दे लोकांना. मी त्याच फटीतून त्याच्याकडे बघून हसलो आणि साग्यनालीचं घर गाठलं.

आमच्याकडे माणूस गेला की अंगणात तंबू उभा राहतो, बायका काळं नेसतात, येणाराजाणारा दुरूनच रडत येतो. साग्यनालीच्या अंगणात तंबू नव्हता. त्याची बायको उल्जान दारात आली, तिच्या डोक्याला लाल फुलांचा रुमाल होता. तोंड बंद ठेवायला हिला काय दिलं असेल, हा माझा पहिला विचार.

"या, तुरात बाइके. वरून आलात ना? गारठला असाल."

"साग्यनाली कुठे आहे?"

"हा काय. आत या की."

तो चुलीजवळ नमद्यावर, लोकरीच्या जाड गालिच्यावर, बसला होता. मला पाहून सरकला आणि दारासमोरची मानाची जागा त्याने मला करून दिली. नमद्याची सळसळ झाली. मी त्याचा हात हातात घेतला. हात थंड नव्हता, गरमही नव्हता. मी बसलो. चहा आला, कढईत तळलेली बोरसोकं, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, आली. उल्जान मेंढ्यांबद्दल, महागड्या गवताबद्दल बोलत राहिली आणि मी माझ्या पत्रकारी अकलेला शिव्या देत राहिलो, की म्हाताऱ्या, ज्याचा मुडदा शोधत हिंडतोयस तो इथे मिशा पुसत बसलाय.

पण तो मिशा पुसत नव्हता. त्याने कशालाही हात लावला नव्हता. त्याच्या डाव्या खांद्यावर बर्फ होता, आभाळातला भुसभुशीत नव्हे, तोफेचा, साबुदाण्यासारखा जाड. चूल धडधडत होती, माझ्या कपाळावर घाम आला होता, आणि त्याच्या खांद्यावरचा एकही दाणा विरघळत नव्हता.

मी नजर उचलली. त्याच्या डोक्यावर भिंतीला खिळ्यावर एक रोटी टांगलेली होती, कडेला एक घास तोडलेली. लांब जाणारा माणूस घरच्या रोटीचा एक घास दातांनी तोडून निघतो; उरलेली भिंतीला टांगतात आणि परत आल्यावर ती त्यानेच संपवायची असते. साग्यनाली हंगामभर डोंगरावरच्या कामगारांच्या खोलीत राहायला निघाला तेव्हाची ती रोटी होती.

"परत आलाय ना हा?" मी उल्जानला विचारलं. "मग ही का उतरवली नाही?"

"उतरवू की. घाई काय आहे?" ती किटली उचलून बाहेर गेली.

"बाइके," साग्यनाली हळूच म्हणाला, "लोक म्हणतात ते राहू द्या. तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, तू त्या ढिगाखाली आहेस."

त्याने मान हलवली, जणू मी चहा बरा आहे म्हणालो होतो. "मग खणा. पण दुसऱ्या कोणाला पाठवू नका. तुम्ही या."

मी बातमी लिहिली. संपादकाने बिश्केकहून फोन केला.

"तू त्याला भेटलास?"

"भेटलो."

"हात मिळवलास?"

"मिळवला."

"आणि लिहितोस की तो मेलाय! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"रोटी भिंतीवरून उतरलेली नाही."

त्याने फोन ठेवला. बातमी छापली नाही. मी ती स्वतः टंकून बाजाराच्या भिंतीवर चिकटवली. कोणी फाडली, मी पुन्हा चिकटवली. पोलीस आले, माझ्या चहाला नावं ठेवून गेले. ओळखीचे लोक मला पाहून रस्ता बदलू लागले. बदला म्हणावं. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते मी नाकारत नव्हतो. पण माणूस दिसतो म्हणून तो जिवंत आहे, असं म्हणणाऱ्यांनी मला त्या खांद्यावरचा बर्फ वितळवून दाखवावा.

वसंत आला. उतार हिरवा झाला, घोड्या शिंगरं घेऊन वर चरायला गेल्या, कुरणांवर तंबू पडले. वळणावरचा ढीग तसाच होता. एके दिवशी पाहिलं तर त्याच्यावर लाकडाचा भुसा पसरलेला आणि वरून जुने नमदे घातलेले, कडेला दगड ठेवून नीट दाबलेले. उन्हाळाभर बर्फ टिकवायचा असला की असंच झाकतात. ते नमदे मी ओळखले. एकावर मी बसलो होतो.

मी फावडं घेतलं आणि वर जाण्याआधी उल्जानच्या दारात उभा राहिलो. चोरासारखं खणणं मला जमत नाही.

"तू त्याला झाकतेस," मी म्हणालो.

"झाकते. मग? उघडा टाकू? तुम्हाला खरं हवंय, मला तो हवाय. तो संध्याकाळी येतो, बसतो, माझं ऐकून घेतो. तुमचं ते खरं माझ्या चुलीपाशी येऊन बसणार आहे का?"

"आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाला पाठवतील तोफ फिरवायला? तोही असाच संध्याकाळी येऊन बसेल? गावभर अशीच न जेवणारी माणसं बसवायची का, उल्जान? तंबू नाही, रडणं नाही, आणि मालकांना कोणी जाब विचारायचा नाही?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं; ते तिने जपून ठेवलं होतं, अंगणातल्या त्या न उभारलेल्या तंबूसाठी.

"तो म्हणालाच होता," ती म्हणाली, "बाइके ऐकायचे नाहीत. खणू दे त्यांना." तिने फडक्यातून ताजी रोटी काढली, वरचे तीळ अजून चकाकत होते. "फक्त एक घास तोडून जा."

"घास लांब जाणारा तोडतो. मी संध्याकाळी खाली येणार आहे."

"मग अख्खी घेऊन जा. भूक लागेल."

मी ती तिच्यासमोर, अख्खी, पिशवीत टाकली आणि चालू लागलो. चढावर मला कोणी भेटलं नाही. तोफा ताडपत्रीत गुंडाळून उभ्या होत्या, तळ्यात ढगांची सावली होती, आणि ऊन इतकं कडक होतं की मी कोट काढून खांद्यावर टाकला. ढिगापाशी पोचल्यावर दगड बाजूला केले, नमद्याची एक कड दुमडली, भुसा उकरला. खाली बर्फ शुभ्र, जाड दाण्यांचा, काल पडल्यासारखा.

हातमोज्यांसाठी पिशवीत हात घातला तर रोटी आधी हाताला लागली. मी ती बाहेर काढली. कडेचा एक घास तोडलेला होता. कापलेला नव्हे, दातांनी तोडलेला. आणि वरच्या बाजूला, दोन दातांच्या जागी एकाचीच खूण होती, शेजारी फट. मी जीभ फिरवली. तोंडात तीळ होते.

रोटी मी दगडावर ठेवली, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. मग फावडं दोन्ही हातांनी धरलं आणि पूर्ण ताकदीने बर्फात घातलं.

आत, अगदी जवळ, पाहुण्यासाठी कोणी नमद्यावर जरा सरकून बसावं, तशी सळसळ झाली.