थंड शेगडी

अमूर नदी गोठली आणि आमची गनबोट ‘सोबोल’ खाबारोव्स्कच्या बंदरात रुतून बसली. तोफा नदीवर रोखलेल्या. नदीने दखल घेतली नाही. मी बोटीवरचा कंपाउंडर. गारठलेल्या हातापायांना चरबी चोळणं, एवढंच काम उरलं होतं.

बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा खडकावर आपटून मोडला होता. तो बदलायचा तर बर्फ खणत खाली उतरायचं, पण आरपार नाही. वीतभर थर ठेवायचा, खालचं पाणी गोठू द्यायचं, मग पुन्हा खणायचं. घाई केली की नदी खड्ड्यात.

खड्ड्यात होता गुर्यान, एरवी बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. पलीकडच्या काठावर त्याचं गाव. तिथे शरदात झालेली मुलगी त्याने अजून पाहिली नव्हती. पंखा निघाला की रजा, असा कप्तानांचा शब्द होता. वसंतात बर्फ फुटला की बोट लांब जाणार. सगळं बंदर ऊन मागत होतं; गुर्यान एकटा थंडी मागायचा.

कप्तान अपोलोन ल्वोविच दयाळू होते. दयाळू वरिष्ठांपासून बचावाची सोय आरमारात नाही. खड्ड्यात लोखंडी शेगडी ठेवण्याचा त्यांनी हुकूम काढला.

“तळ वितळेल, सिला निकानोरिच!” गुर्यान आमच्या मुकादमाला म्हणाला.

“मला काय सांगतोस? मी बर्फ आहे का?”

“हुकूम शेगडी ठेवण्याचा आहे की पेटवण्याचा?”

“मला आज ऐकू येत नाहीये,” मुकादम म्हणाला आणि निघून गेला.

शेगडी ठेवली. पेटवली नाही. कप्तान पाहणीला आले, हातमोजे काढून शेगडीवर हात धरले.

“वा! केवढा फरक पडला, नाही?”

“फारच, साहेब.” गुर्यानच्या मिशीला बर्फ लोंबत होता.

पंखा निघाला. गुर्यानने मुलीसाठी कोरलेला लाकडी घोडा पेटीतून काढून पिशवीत टाकला. तेवढ्यात कप्तान हसत आले.

“तुझं कौतुक मी बंदरभर केलं रे! शेजारच्या दोन्ही गनबोटींनीही शेगड्या लावल्या, पण त्यांचे खड्डे बुडाले. हे कसब तुझ्याच हातात. त्यांचे पंखे निघेपर्यंत तू तिकडे.”

“आणि रजा, साहेब?”

“रजा कुठे पळतेय? वसंतात घे.”

“वसंतात बोट निघते, साहेब.”

“मग शरदात!”

शेगडी पेटवलीच नव्हती हे सांगावं, तर हुकूम मोडला म्हणून कोठडी. गुर्यानने माझ्याकडे पाहिलं. मी चरबीच्या डब्याकडे.

त्याने घोडा पुन्हा पेटीत ठेवला, शेगडी पाठीवर घेतली. पलीकडच्या गावातला चुलींचा धूर सरळ वर चढत होता. थंडी कडक पडल्याची खूण.

“छान गोठतंय,” तो म्हणाला आणि शेजारच्या बोटीकडे चालू लागला.