आधी पाणी, मग विस्तव

मी बंब बोलतोय. हौस म्हणून नाय. आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या भांड्यानं गप तापावं आणि गप थंड व्हावं, एवढंच मला ठाऊक. पण हा म्हातारा ऐकत नाय. रोज संध्याकाळी बाल्कनीत येतो, माझ्यासमोर खुर्ची ओढतो, बोटाच्या पेरानं माझ्या अंगावर टकटक करतो आणि विचारतो, "सांग रे बाबा, पाणी होतं का नव्हतं?"

मला तोंड असतं तर त्याच दिवशी बोललो नसतो का? तोंडाच्या जागी एक तोटी होती, तीबी गळून पडली. त्याला काय माझं ऐकू जायचं नाय. म्हणून तुम्हाला सांगतो. नीट ऐका, दोनदा सांगणार नाय.

म्हाताऱ्याचं नाव केशव. त्याच्या लग्नात मी या घरात आलो. कासारी बाजारातल्या तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं, आणि प्रमोदिनीच्या वडिलांनी लेकीला आंदण म्हणून दिलं. म्हणजे मी खरा तिचा. केशवचा नंतर.

माझी बनावट सोपी आहे. मधोमध एक नळकांडं, त्यात विस्तव. नळकांड्याभोवती पाणी. खाली जाळी, राख पडायला. आणि एक नियम, तो तांबटानंच प्रमोदिनीला सांगितला होता. आधी पाणी, मग विस्तव. कोरडा पेटवला की जोडाची डाख वितळते आणि बंब कामातून जातो. पाणी आहे का ते झाकण न उघडता कळतं. बोटाच्या पेरानं वाजवायचं. भरलेला असलो तर थप्प वाजतो. रिकामा असलो तर टण्ण. प्रमोदिनी वाजवल्याशिवाय काडी ओढत नसे. लेक झाली, नीरजा, तिलाबी तिनं तेच शिकवलं. पोर मला वाजवून वाजवून हसायची.

केशव नोकरीला लांब, समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात. प्रमोदिनी लेकीला आणि आजारी सासूला घेऊन इथं चिकलठाण्याला. तो सुट्टीला यायचा, कडक इस्त्रीच्या कपड्यात. एकदा येताना विजेचा गिझर घेऊन आला. कौतुकानं भिंतीवर बसवला. पण त्या वर्षांत सकाळी लाईट असायची कुठं? भारनियमन. आंघोळीच्या वेळेलाच नेमकी गुल. गिझर भिंतीवर नवरदेवासारखा नुसता बसलेला, आणि प्रमोदिनी खाली वाकून माझ्यात फुंकर घालतेय.

"अहो, तुम्ही तिकडं एवढी वीज करता, ती जाते कुठं?" ती फोनवर विचारायची.

"ती सगळ्या देशात वाटतात गं."

"मग आपल्या मोरीचा पत्ता द्या त्यांना."

हसायची. हसता हसता खोकायची.

वखारीतला दगडी कोळसा लाकडापेक्षा स्वस्त पडायचा, टिकायचाबी जास्त. पण धूर काळा, चिकट. मोरी एवढीशी. थंडीत खिडकी लावलेली. तिनं दिलं ते मी जाळलं, आणि जळल्याचं तिनंच छातीत भरून घेतलं. वर्षानुवर्षं. एखाद्याला साप चावला तर लोक सापाचं नाव घेतात. मी रोज थोडा थोडा चावत होतो. माझं नाव कुणी घेतलं नाय, कारण मी घरातला.

केशव नोकरी संपवून घरी आला आणि तिची छाती गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?" ती एवढी हसली की धाप लागली. मग डॉक्टरांनी घरातल्या चुलीचं, बंबाचं विचारलं आणि मान हलवली.

घरी येऊन तिनं नीरजाला सांगितलं, "बंबाचा धूर बाधला म्हणतात."

नीरजा म्हणाली, "तू आपली बाबांनाच सांभाळून घे."

कारण तिच्या कानात दुसरंच भरलेलं होतं. शेजारच्या लीलाबाई. बाई मनानं वाईट नाय, पण जीभ सैल. "अणूच्या तिथं काम करतात ना तुझे बाबा? त्यांच्या कपड्यांतून येतं म्हणे ते अणूचं विष घरात. धुतलं तरी जात नाही." केशवनं लेकीला चारदा समजावलं. तिथं रोज अंग तपासून सोडतात, कपडे तिथंच ठेवायचे असतात, सगळं. नीरजा ऐकून घ्यायची आणि उठून जायची. प्रमोदिनी गेली तेव्हा बाप-लेक एका घरात होते, पण बोलणं संपलं होतं. नीरजा सासरी गारखेड्याला गेली ती सणासुदीलाबी यायची नाय.

मग केशवनं मला मोरीतून उचललं. चिंच लावून लख्ख घासलं. मला वाटलं, मोडीत देतोय. तसं नव्हतं. तो मला गाडीत घालून गावोगावच्या शाळांत, पारांवर न्यायला लागला. भाषण करायला. विषय एकच, कोळशाऐवजी अणूची वीज.

मला शाळा नाय. पण त्याचं बोलणं इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. तो माझ्या पोटात हात घालून सांगायचा, "इथं कोळसा असतो. तिथं त्याच्या जागी युरेनियमच्या कांड्या असतात. भोवती पाणी. पाणी तापतं, वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं, वीज होते. कोळशाच्या केंद्रातही पाणीच तापवतात. फरक धुराचा आणि राखेचा. कोळशाचा धूर सगळ्यांच्या छातीत जातो आणि मेलेली माणसं कुणी मोजत नाही. अणूची राख थोडी असते, पण ती वाईट असते, हजारो वर्षं सांभाळावी लागते. मी खोटं सांगणार नाही. भीती दोन्हींचीही धरा. पण नीट तोलून धरा."

अजिंठ्याला दगडाबाई नावाची एक म्हातारी मधेच उभी राहिली. "साहेब, आमाला प्यायला पाणी नाय. तुमच्या त्या कांड्यांना कुठून आणायचं?"

लोक हसले. केशव हसला नाय. म्हणाला, "बाई, प्रश्न बरोबर आहे. म्हणून तर ती केंद्रं समुद्राकाठी, मोठ्या पाण्याकाठी असतात. पाणी नसेल तर विस्तवच घालायचा नाही. तुमच्याकडं बंब होता का?"

"व्हता की."

"मग नियम काय?"

दगडाबाईच्या आधी मागच्या सगळ्या बायका बोलल्या, "आधी पाणी, मग विस्तव."

"झालं," केशव म्हणाला. "माझी सगळी नोकरी एवढ्या एका वाक्यावर झाली." मग तो मला वाजवायचा, थप्प, आणि तेव्हाच पेटवायचा.

लोकांना वाटायचं, विजेसाठी फिरतोय. मला ठाऊक होतं. एकाच माणसाला पटावं म्हणून तो सगळ्या जिल्ह्याला पटवत होता.

आणि पाचोडच्या कार्यक्रमाला नीरजा आली. त्यानं बोलावलं होतं, ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. बाजाराचा दिवस, शाळेच्या पटांगणात मांडव, पलीकडं भाजीवाल्यांची गर्दी. ती पहिल्या रांगेत येऊन बसली. केशवनं तिला बघितलं आणि घाईनं कामाला लागला. माझ्यात ढलप्या आणि कोळसा रचला आणि सोमनाथला म्हणाला, "दोन घागरी ओत. मी वाजवून बघितल्याशिवाय पेटवायचं नाही."

सोमनाथ म्हणजे मांडव, माइक, हार-तुरे बघणारा माणूस. "व्हय साहेब, आत्ता आणतो. तुमी चहा घ्या." केशवला शाळेच्या खोलीत चहाला नेलं. सोमनाथ फोटोवाल्याशी गप्पा मारत बसला. गावात त्या दिवशी नळ नव्हता, घागरी लांबून आणायच्या होत्या, त्याच्या जिवावर आलं होतं.

तेवढ्यात नीरजा उठली. माझ्याजवळ आली. किती वर्षांनी. आईसारखं बोट वाकवलं आणि मला वाजवलं.

टण्ण.

तिला कळलं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि जागेवर जाऊन बसली. पाणी यायचंय असं समजली असेल. तिथवर माझी तक्रार नाय.

मग नानासाहेब आले. तालुक्यातलं मोठं माणूस, कार्यक्रमाचे पाहुणे. पुढं एक लग्न गाठायचं होतं. समई पुढं केली तर म्हणाले, "समई रोजचीच आहे. आज हा बंबच पेटवू. फोटो वेगळा येईल." सोमनाथनं काडेपेटी पुढं केली. पाणी राहिलंय हे मोठ्या माणसाला कोण सांगणार?

काडी ओढली तेव्हा नीरजा अर्धी उठली. तोंड उघडलं होतं तिनं. मी बघत होतो. मग तिची नजर शाळेच्या दाराकडं गेली. दारात तिचा बाप उभा. गळ्यात हार. कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि तो हसून समजावून सांगत होता.

ती खाली बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

केशव आला तेव्हा माझ्यातून धूर निघत होता आणि नानासाहेब माइकवर होते. "मला यातलं कळत नाही, पण दोन शब्द बोलतो." मला वाजवायचं तर पाहुण्यांच्या पुढून जावं लागलं असतं. ते बरं दिसलं नसतं. सोमनाथनं पाणी घातलं असणार, असं धरून केशव खुर्चीत बसला.

कोरडं जळणं काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाय. पाणी असलं की आग पोटात असूनबी अंग आपलं असतं. पाणी नसलं की अंगच आग होतं. आधी तोटी गळून पडली. मग खालचा जोड मऊ झाला. सोमनाथचं लक्ष गेलं, त्याला घाम फुटला, आणि त्यानं करू नये ते केलं. कुणाच्या तरी डोक्यावरची घागर ओढली आणि लालबुंद झालेल्या माझ्यात गार पाणी ओतलं.

फाटलो. वाफेचा लोट उठला. नानासाहेबांच्या पायावर चटका बसला, ते माइकसकट मागं पडले. "अणूचं फुटलं, पळा," कुणीतरी ओरडलं आणि मांडव रिकामा झाला. बाजारातबी पळापळ. एक भाजीवाला तेवढा हलला नाय. "वांगी टाकून कुठं पळू? अणूला खायची असतील तर घिऊ दे," म्हणाला.

सोमनाथनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, पाणी काठोकाठ भरलं व्हतं. देवाशप्पत." जमीन ओली होतीच. नानासाहेब पाय धरून म्हणाले, "पाणी असून ही तऱ्हा. खऱ्या अणुकेंद्राचं काय होईल?" तेच वाक्य गावोगाव गेलं.

परतीच्या गाडीत केशवनं विचारलं, "नीरजा, तू पुढंच होतीस. पाणी घातलेलं पाहिलंस का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "जुना होता, बाबा. फुटला."

बस. एवढंच.

त्यानंतर केशवनं एकबी भाषण केलं नाय. लोक हसले म्हणून नव्हे. तो रोज मला सांगतो ते ऐका. "पाणी असून तू फाटला असशील, तर मी लोकांना जन्मभर काय सांगितलं? आणि पाणी नसेल, तर मी वाजवून का नाही बघितलं?" दोन्हीकडून तो स्वतःलाच धरतो. माझी फाटकी बाजू भिंतीकडं केलेली आहे, त्याला दिसू नये म्हणून.

आता तो नीरजाकडंच राहतो, गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये. तिनंच आणला, मलाबी आणलं. चांगली सांभाळते. दुधात भाकरी कुस्करून देते. गिझरचं पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघते. तो विचारतो, "ही वीज कोळशाची का अणूची?" ती म्हणते, "गरम आहे ना, बाबा? घ्या आंघोळ करून."

मागं एकदा लीलाबाई आल्या आणि स्वयंपाकघरात जुनंच काढलं. नीरजा म्हणाली, "काकू, आईला धूर बाधला. बाबांचं नाव पुन्हा घेऊ नका." मी बाल्कनीतून ऐकलं. म्हणजे तिला पटलंय. पण ते लीलाबाईंना सांगितलं. बाप आत झोपला होता, आणि त्याला आता ऐकूबी कमी येतं.

परवा डॉक्टर येऊन गेले. दारात तिच्याशी हळू आवाजात बोलले, हृदय थकलंय म्हणाले. ते गेल्यावर ती बाल्कनीत आली. चिंच घेऊन मला घासायला बसली. घासता घासता थांबली, बोट वाकवलं आणि माझ्या अंगाजवळ नेलं. वाजवलं नाय. हात मागं घेतला.

बाई, वाजव की. टण्णच वाजणार. तेव्हाबी तेच वाजलं होतं.

त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकदा मोठ्यानं सांग. पाणी नव्हतं, बाबा. मी वाजवून बघितलं होतं. तुमचा नियम बरोबर होता. रागावला तर रागावू दे. पण तो हे न ऐकताच गेला तर उद्या संध्याकाळी ही खुर्ची रिकामी असेल आणि मग तू कुणाला सांगशील? मला? मला तर ठाऊकच आहे.

त्याला सांगून झालं की माझ्याकडं ये. नानासाहेब येणार नाहीत, सोमनाथ येणार नाय, त्यांची मी वाटबी बघत नाय. पण मी जुना होतो म्हणून फुटलो नव्हतो. मला कोरडा पेटवला आणि एका माणसाला ते आधी कळलं होतं. तेवढी एक माफी माझी राहिली आहे. मी तुझ्या आईचा बंब आहे, नीरजा.