मुठीचं भाषण

आमच्या ओळखीत एक बाहुलीवाला आहे. पडद्यामागे बसून हातात बाहुली चढवली की तो राजाला फैलावर घेतो, राक्षसाला पळता भुई थोडी करतो. बाहुली काढली की संपलं. मग कोणी नुसतं "किती वाजले?" विचारलं तरी तो बायकोकडे बघतो.

बाहुल्या स्वयंपाकघरात दोरीवर टांगलेल्या असत. एके दिवशी राक्षसाची दाढी भाजीत सापडली.

"अहो, या घरात आता एक तर हा राक्षस राहील, नाहीतर मी," बायको म्हणाली. "सरावाला खोली मिळवा. नाही मिळाली तर या सगळ्या बाहुल्या माळ्यावर, आणि तुम्ही माझ्या भावाच्या नळांच्या दुकानात."

मेहुण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलावं लागे. बाहुलीवाल्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

कलाकेंद्रात एक खोली रिकामी होती. ती हवी तर आधी कलावंतांच्या व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि शेवटी अध्यक्षांसमोर उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं, अशी अट होती. शिकवणाऱ्या बाई पूर्वी विमा एजंटांना शिकवत. एजंट काय आणि कलावंत काय, दोघांनाही लोक दारातूनच परत पाठवतात; त्यामुळे बाईंना अभ्यासक्रम फारसा बदलावा लागला नव्हता.

"छाती पुढे, नजरेला नजर, आवाज पोटातून!" बाई म्हणाल्या.

बाहुलीवाल्याच्या पोटातून आवाज आला, पण तो भुकेचा होता.

नवरा पळून जाऊ नये म्हणून बायको रोज मागच्या बाकावर बसे. तिनेच विचारलं, "बाई, यांनी हातात बाहुली घेतली तर चालेल का?"

"मुळीच नाही. खोली यांना हवीय की बाहुल्यांना?"

खरं तर बाहुल्यांनाच हवी होती. पण हे सांगायलाही बाहुलीच लागली असती.

शेवटच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो सवयीने थेट टेबलामागे जाऊन उकिडवा बसला. बाईंनी टेबल बाजूला ओढलं. तो उभा राहिला. घाम फुटला, शब्द फुटेना. बायकोने डोळे मिटून घेतले.

मग त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. मूठ वळली, अंगठा ओठासारखा हलला. खेळात बघतो तसं त्याने वर मुठीकडे बघितलं, आणि झालं, सगळी सभा मुठीकडे बघू लागली.

"नमस्कार," मूठ खवट आवाजात म्हणाली. "माझ्या खाली उभा आहे ना, तो माणूस चांगला आहे. थोडा बावळट आहे. घरी विचारा."

"खरंय!" बायको मागून म्हणाली.

"हात खाली! हात खाली घ्या!" बाई ओरडल्या.

"थांबा हो बाई, त्यांना बोलू द्या," अध्यक्ष म्हणाले. 'त्यांना' म्हणजे मुठीला. खुर्ची पुढे ओढून त्यांनी मुठीलाच विचारलं, "पाच वर्षांनी हे स्वतःला कुठे बघतात?"

"टेबलामागे. आजही तिथेच होता, बाईंनी टेबल हलवलं."

"आणि खोली कशाला हवी?"

"राक्षसाची दाढी भाजीत पडते. खोली नाही मिळाली तर हा नळ विकायला बसणार. ज्याला स्वतःचं तोंड उघडता येत नाही, तो नळ काय उघडून दाखवणार?"

अध्यक्षांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुठीसमोर धरली. "घ्या. खोली तुमची."

किल्ली घ्यायला मूठ उघडावी लागली, आणि मूठ उघडताच भाषण बंद पडलं. बाहुलीवाला हातात किल्ली घेऊन पुन्हा मुका उभा.

"अहो, आभार तरी माना!" बायको म्हणाली.

त्याने किल्ली डाव्या हातात घेतली, उजवी मूठ पुन्हा वळली, वर धरली.

"आभारी आहे," मूठ म्हणाली. "राक्षसाला आजच हलवतो."